तेव्हा पाऊस पडला नव्हता

स्क्रीनवर हिरवी चौकट उघडली आणि वासिफने स्वतःचंच वाक्य वाचलं. ‘सल्तच्या उतारावरची पांढरी माती कोरड्या महिन्यांत सहा मीटरपर्यंत बिनआधाराची उभी राहते. फक्त पावसात खोदू नये.’ खाली त्याचं नाव, बावीस वर्षांपूर्वीची तारीख आणि शेजारी एक पिवळा तारा. खात्रीच्या माहितीलाच असा तारा मिळायचा. रुबाने खुर्ची मागे सारली आणि लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. ती त्याला अम्मू, म्हणजे काका, म्हणायची. “बघा अम्मू, बघा! गेले तीन दिवस मी इथे डोकं फोडून घेतेय, आणि उत्तर तुम्ही कधीच लिहून ठेवलेलं! काम जूनमध्ये सुरू, सप्टेंबरमध्ये संपणार. पावसाचा थेंब नाही. आधाराच्या फळ्या काढून टाकल्या की आपला भाव जवळजवळ चार टक्के खाली येतो. या वेळी टेंडर आपलंच.” वासिफने हातातला कप टेबलावर ठेवला. नीट ठेवला असं त्याला वाटलं, पण चहा कागदांवर सांडला, आणि रुबा हसत हसत रुमालाने पुसू लागली. तिला वाटलं, म्हातारा आनंदाने थरथरतोय.

मंगळवारची सकाळ होती, दहा वाजले होते. बुधवारी दुपारी बाराला बंद पाकीट सरकारी पेटीत पडायचं होतं. अम्मानजवळच्या सल्तच्या डोंगरावर मुलींची शाळा बांधायची होती. शाळेच्या मागे उतार धरून ठेवणारी लांबलचक भिंत, आणि तिच्या पायासाठी सहा मीटर खोल चर. गेल्या सात महिन्यांत कंपनीने नऊ टेंडरं घालवली होती, बहुतेक सगळी दोन-तीन टक्क्यांनी. मालक फवाझने गेल्या आठवड्यात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की हेही गेलं तर भाव काढण्याचा विभाग बंद, पुढे बाहेरच्या लोकांकडून भाव काढून घेऊ. विभाग म्हणजे कोण, तर वासिफ, रुबा आणि दोन ड्राफ्ट्समन. वासिफची निवृत्ती तशीही उंबरठ्यावर होती. रुबा मात्र एकतीस वर्षांची होती आणि तिने या विभागात स्वतःचं सगळं ओतलं होतं. आता तो मुकाट्याने बसून राहिला तर रुबा जिंकणार होती, आणि जूनमध्ये कुणीतरी त्या चरात उतरणार होतं.

कल्पना रुबाचीच होती. आपण का हरतो, असं तिने एकदा बैठकीत विचारलं; इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मग तीच म्हणाली, आपण हरतो कारण प्रत्येक टेंडर आपण पहिल्यासारखं भरतो. कुठल्या वाडीत खडक किती खाली लागतो, कुठला सरकारी इंजिनियर काँक्रीटचे नमुने दोनदा तपासायला लावतो, स्पर्धेतली शौकीची कंपनी कुठल्या कामाला भाव पाडते, हे सगळं या ऑफिसात कुणाला ना कुणाला माहीत असतं. पण तो माणूस नेमका त्या दिवशी सुट्टीवर असतो, नाहीतर मेलेला असतो. तेव्हा सगळं कंप्युटरवर एका जागी आणायचं. लोकांनी थट्टेने त्या साठ्याला ‘खजिना’ नाव दिलं आणि तेच चिकटलं. चौदा महिने रुबा रोज दुपारी त्याच्या टेबलाशी यायची, मधे रेकॉर्डर ठेवायची आणि सेजची सुगंधी पानं घातलेला चहा पीत पीत त्याला बोलतं करायची. वासिफला हे सुख नवं होतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा कॅनडात होता, आणि त्याच्या डोक्यात काय आहे याची चौकशी घरात कुणी कधीच केली नव्हती. तो सांगत सुटला. जेराशचा काळा खडक, अझ्राकची खारट वाळू, अकाबाला दुपारी ओतलेलं काँक्रीट रात्रीत कसं तडकतं. एकदा रुबा म्हणाली, “अम्मू, तुम्ही गेलात तरी तुम्ही इथेच राहणार.” हे ऐकून त्याला भरून आलं होतं. मूर्ख म्हातारा! ती जुनी फाइल तिच्या हाती लागेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. कपाटातले सगळे जुने अहवाल ती पोरगी एकेक करून खजिन्यात भरत होती, आणि त्या अहवालांत तो ऑक्टोबरही होता.

त्या ऑक्टोबरात पाऊस पडला नव्हता. पहाटे चार थेंब आले होते, गाडीच्या टपावरची धूळसुद्धा भिजली नव्हती. सल्तलाच एका दवाखान्याची भिंत बांधायची होती, आणि ते टेंडर वासिफने जिंकून दिलं होतं. तेव्हा तो चाळिशीचा, तरतरीत, ऑफिसात सगळे हेव्याने त्याच्या नावाने बोटं मोडायचे इतका हुशार. आधाराच्या फळ्या त्याने भावातून काढून टाकल्या होत्या. त्या मातीला तिथले लोक हुव्वर म्हणतात. खोदल्या दिवशी ती इतकी ताठ उभी राहते की माणूस हात लावून पाहतो आणि म्हणतो, हा तर दगड. दुसऱ्या दिवशीही उभी असते. आत मात्र ती सुकत जाते, भेगा धरते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणाला न विचारता खाली येते. हे वासिफला माहीत होतं. म्हणजे कानावर होतं. एका म्हाताऱ्या गवंड्याने त्याला सांगितलं होतं, आणि गवंड्याचं कुठे ऐकत बसायचं म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी नऊला माती आली. खाली शहाता होता. इजिप्तच्या मिन्याकडचा, सव्वीस वर्षांचा, चेहऱ्यापेक्षा मोठं हसणारा. तो वासिफला ‘बाशमुहंदिस’ म्हणायचा, थोरला इंजिनियर, आणि वासिफला ते आवडायचं. त्याला काढायला पन्नास मिनिटं लागली. त्या पन्नास मिनिटांत वासिफ काय करत होता, तर वर उभा राहून लोकांना हळू खणा, हळू खणा म्हणून ओरडत होता. अजूनही झोपेत त्याचा स्वतःचाच आवाज त्याला जागं करायचा.

फवाझचा बाप, हाजी मुनीर, तेव्हा हयात होता. माणूस वाईट नव्हता. त्याने शवपेटीचा, विमानाचा, घरच्यांचा सगळा बंदोबस्त केला, आणि संध्याकाळी वासिफला खोलीत बोलावून दार लावलं. म्हणाला, “वासिफ, पहाटे पाऊस झाला ना?” वासिफ म्हणाला, “चार थेंब, हाजी.” हाजी जपमाळ फिरवत राहिला आणि म्हणाला, “मग पाऊस लिही. पाऊस देवाचा आहे. आपल्या दोघांची लेकरं अजून शाळेत आहेत.” त्याने लिहिलं. अहवालाच्या शेवटी ‘यातून शिकायचं काय’ असा रकाना होता. तो रिकामा ठेवता येत नव्हता, म्हणून त्याने ते वाक्य लिहिलं, कोरड्या महिन्यांत उभी राहते, फक्त पावसात खोदू नये. खोट्याला टेकू द्यायला आणखी एक खोटं. आणि विमानतळावर शहाताच्या चुलतभावाने त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हटलं होतं, “तुम्ही खूप केलंत, बाशमुहंदिस. नशिबापुढे कुणाचं चालतं?” वासिफने मान हलवली होती. ती मान हलवल्याची लाज त्याला त्या वाक्यापेक्षाही जास्त वाटत आली होती.

दुपारी तो रुबाच्या टेबलाशी गेला. म्हणाला, “फळ्या परत घाल, बेटी.” तिने मान वर केली. “का?” “घाल म्हणतो ना. त्या मातीचा भरवसा नाही.” “अम्मू, भरवसा आहे असं तुम्हीच लिहिलंय.” “मी आता सांगतोय ते ऐक. अनुभवाने सांगतोय.” रुबा हसली, पण तिच्या डोळ्यांत शीण होता. “नुसतं ‘अनुभव’ लिहिलं तर खजिना ते घेत नाही. कारण लागतं. कुठे, कधी, काय झालं. आणि हा नियम कुणी केला? या खुर्चीत बसून तुम्हीच म्हणालात, ज्याला कारण देता येत नाही त्याने भाव वाढवू नये, भीतीपोटी भाव वाढवणाऱ्यांनीच कंपनी बुडवली.” बोलली ते शब्द न् शब्द त्याचे होते. ड्राफ्ट्समन कान देऊन ऐकत होते. तिने हलकेच विचारलं, “काही आहे का अम्मू? सांगायचंय का काही?” त्याच्या तोंडात शब्द आले होते, खरंच आले होते. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला वाटलं, हे बोललो की ही परत कधी माझ्यासमोर रेकॉर्डर ठेवणार नाही. “काही नाही,” तो म्हणाला. “वय झालं.” आणि स्वतःच्या टेबलाशी येऊन बसला. भ्याड! बावीस वर्षांनी तोच भ्याड.

त्या दिवशी तो गाडी न घेता चालत घरी निघाला. अम्मानच्या पायऱ्या संपता संपत नाहीत. एका टेकडीवरून उतरायचं आणि दुसरीवर चढायचं, ऊन पाठीवर घेऊन. गॅसवाल्याची गाडी तिची ती ठरलेली धून वाजवत वळणावरून गेली. एका नव्या इमारतीचा पाया खणत होते, तिथे तो सवयीने थांबला. खाली दोन माणसं पाइपवर बसून तिळाची गोल पोळी तोडून खात होती. एकाने वर पाहून विचारलं, “काय हाजी, फ्लॅट घेताय की काय?” दुसरा म्हणाला, “घेतील, घेतील, पण पाहतात असे, जणू आम्हीच त्यांचं घर पाडतोय!” दोघं खळखळून हसले. वासिफला हसता आलं नाही. खड्ड्याच्या कडेला फळ्या लावलेल्या होत्या, चांगल्या, घट्ट, आडवे टेकू देऊन. कुणीतरी इथे भाव काढताना त्या मोजल्या होत्या आणि तरी त्याला काम मिळालं होतं. किंवा मोजल्या नसतील आणि त्यांचा खर्च त्याने स्वतःच्या अंगावर घेतला असेल, काय माहीत. त्याला एकाएकी फार थकल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं तो स्वतःला सांगत आला होता की त्या अहवालाने कुणाचंच नुकसान केलं नाही, मेला तो मेलाच होता, कागद कपाटात पडून राहिला. कागद पडून राहिला नव्हता. तो वाट पाहत होता. आणि त्याला बाहेर काढून, झटकून, तारा लावून देणारी पोरगी वासिफनेच तयार केली होती.

बुधवारी सकाळी साडेनऊला फवाझच्या खोलीत शेवटचे आकडे पाहायला तिघं बसले. फवाझ खुशीत होता. मुलाच्या नावाने वासिफला हाक मारत म्हणाला, “अबू इयास, तुमच्या त्या एका ओळीने कंपनी वाचवली. मी रुबाला म्हटलं, ही ओळ फ्रेम करून लावा.” वासिफ म्हणाला, “ती ओळ खोटी आहे.” मग तो बोलत गेला, थांबला नाही, कुणाकडे पाहिलं नाही. माती, चौथा दिवस, फळ्या आपण काढल्या होत्या ते, शहाता, पन्नास मिनिटं. पाऊस नव्हता. चार थेंब होते. हाजी मुनीरचं नाव त्याने घेतलं तेव्हा फवाझची मान ताठ झाली. “माझ्या वडिलांनी सांगितलं?” “सांगितलं त्यांनी. लिहिलं मी. ते म्हणाले नसते तरी मी लिहिलंच असतं बहुतेक. मला स्वतःला वाचवायचं होतं.” फवाझ खिडकीकडे गेला. “आणि आज तुम्ही हे सांगताय. शेवटच्या दिवशी. अडीच तास उरलेत.” “काल सांगायला हवं होतं,” वासिफ म्हणाला, “बावीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.” रुबाने तोंडावर हात ठेवला होता. ती रडत होती की संतापली होती ते त्याला कळेना, आणि विचारण्याचा हक्क आपल्याला उरला नाही एवढं कळलं. शेवटी फवाझ वळला. “भर फळ्या,” तो रुबाला म्हणाला, शब्द चावत. “सगळ्या लांबीला भर. गेलं टेंडर तर गेलं.” आणि वासिफकडे न पाहता, “खजिन्यात खरं लिही. माझ्या बापाचं नाव घालू नकोस.” “माझं घाल,” वासिफ म्हणाला. रुबाने लिहिलं. तिची बोटं कीबोर्डवर इतक्या जोरात आपटत होती की ते ऐकवत नव्हतं. जुन्या ओळीवरचा तारा तिने काढला तेव्हा त्याला वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याची पुन्हा लाज वाटली.

दुपारी एकला सरकारी खात्याच्या दालनात पाकिटं फोडली. कारकून एकेक नाव आणि आकडा मोठ्याने वाचायचा आणि लोक गुडघ्यावरच्या कागदावर लिहून घ्यायचे. वासिफ मागच्या रांगेत बसला होता. रुबा त्याच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली होती. त्यांचा आकडा तिसरा आला. सगळ्यांत खाली शौकीच्या कंपनीचा होता. तीस वर्षं आकडे काढण्यात गेलेला माणूस; वजाबाकी वासिफच्या डोक्यात आपोआप झाली. त्यांच्या आणि शौकीच्या भावात जवळजवळ चार टक्के. म्हणजे फळ्या. नेमक्या फळ्या. रुबानेही तेच गणित केलं असणार, कारण सकाळपासून ती पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून बोलली. “त्यांनी नाही धरल्या.” “नाही.” “मग आपण सांगायचं त्यांना?” आणि लगेच तिनेच खाली पाहिलं. खजिन्यातलं अक्षरही बाहेर जाऊ द्यायचं नाही, ही कंपनीची पहिली अट होती. त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या होत्या, तिने तर स्वतः मसुदा केला होता. वासिफ म्हणाला, “तू नाही. तू काही ऐकलं नाहीस.”

गुरुवारी सकाळी तो शौकीच्या ऑफिसात गेला. शौकीही त्याच्यासारखाच, मालकाच्या कंपनीत भाव काढणारा; दोघं तीस वर्षं एकमेकांविरुद्ध भाव काढत आले होते. लग्नाकार्यात भेटले की मिठी मारायचे आणि पाठ फिरली की शिव्या घालायचे. शौकी उठून पुढे आला, दोन्ही गालांवर ओठ टेकवले. “या, या अबू इयास! हरल्यावर अभिनंदन करायला येणारा तू पहिलाच. बस. काय, नोकरी मागायला आलास का?” त्याच्या माणसाने वेलचीची कडू कॉफी ओतून छोटा कप वासिफपुढे धरला. वासिफने तो घेतला आणि न पिता समोर ठेवला. ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते. शौकीच्याही लक्षात आलं. त्याचं हसू जागच्या जागी विरलं. मागणं घेऊन आलेला माणूस मान्य होईपर्यंत कॉफी पीत नाही, आणि यजमानाने ‘पी’ म्हटलं की मागणं दिलं. सोयरिकीला असं करतात, रक्ताचा गुन्हा माफ करून घ्यायलाही करतात. शहाताच्या वेळी असं कुणी कुणाच्या दारात बसलं नव्हतं. परक्या देशातला मजूर, त्याची जमात समुद्रापलीकडे, वाळवंटापलीकडे. कुणी जायचं आणि कुणाच्या दारात बसायचं?

“सल्तच्या चराला फळ्या लाव,” वासिफ म्हणाला. शौकी म्हणाला, “भावात नाहीत त्या.” “माहीत आहे. मीही तसाच भाव काढायचो.” “अबू इयास, हे काय नवीन? स्वतः हरलास, आता मला खड्ड्यात घालायचंय होय? त्या फळ्या लावल्या तर या कामात माझ्या हाती धूळसुद्धा उरत नाही. मालक माझी कातडी सोलेल.” वासिफने मग सगळं सांगितलं, कालच्यासारखंच. या वेळी ते जास्त सोपं गेलं नाही. दोनदा थांबून पाण्याचा ग्लास तोंडाला लावावा लागला. सांगून झाल्यावर तो म्हणाला, “मी आत्ता जे बोललो ते कंपनीचं आहे. फवाझला कळलं तर मला हाकलेल, आणि बरोबरच करेल.” शौकी टेबलावरचा पेपरवेट या हातातून त्या हातात घेत राहिला. बाहेर कुणीतरी फोनवर सिमेंटच्या गोण्यांवरून भांडत होतं.

“आमचे दोन होते,” शौकी शेवटी म्हणाला. आवाज इतका खाली की वासिफला पुढे वाकावं लागलं. “माडबाच्या वाटेवर. आम्ही लिहिलं, पाण्याचा पाइप फुटला.” “एकाचं नाव आठवतं. दुसऱ्याचं नाही आठवत मला. रात्री खूप आठवून पाहतो, नाही आठवत.” मग त्याने पेपरवेट खाली ठेवला आणि कपाकडे बोट केलं. “पी.”

वासिफने कपाला हात लावला नाही. त्याला वाटलं, आपण चुकून ऐकलं. “शौकी, तू मान्य—”

“पी म्हटलं ना,” शौकी ओरडलाच त्याच्यावर. त्याचे डोळे भरून आले होते. “निवते आहे.”

वासिफने कप उचलला आणि कॉफी प्यायला. ती केव्हाच निवली होती. तळाचा गाळही त्याने सोडला नाही.